जाहीरनाम्यातला अकरावा मुद्दा

आमच्या पेठेत मी चाळीस वर्षं राहतोय, पण तालमीत मला अजून 'पावणं'च म्हणतात. कारण मी कागलचा, आणि या गल्लीचा जावई. शाळेत नोकरी लागली म्हणून सासुरवाडीच्या दारातच घर केलं. तेव्हापासून चहा पहिला मिळतो, पण माझं म्हणणं कुणी मनावर घेत नाही.

यंदा महापालिकेच्या निवडणुकीला तालमीनं आपला उमेदवार उभा केला. पोरगा वाईट नाही. बायकोला आत्ती म्हणतो, मला मामा. "मामा, जाहीरनामा तुमीच लिवायचा," म्हणत घरी आला आणि मी मास्तर असल्यामुळे लगेच हुरळलो. बाग सुधारायची आणि जुनी बाजारपेठ नीटनेटकी करायची, या दोनच गोष्टींवर त्याचा भर होता. मी म्हटलं, मग पहिला मुद्दा माझा. बागेच्या दाराशी, मंडईच्या बाजूला, बायकांसाठी स्वच्छतागृह.

"लिवा की," तो म्हणाला.

माझ्या बायकोला मधुमेह आहे. बागेत दोन फेऱ्या मारायच्या, येताना मंडईतून वांगी उलटीपालटी करून घ्यायची, एवढीच तिची चैन होती. दोन वर्षांपूर्वी तिनं दोन्ही सोडलं. अर्ध्या तासाच्या आत तिला घर गाठावं लागतं आणि एकदा ते गाठता आलं नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही बोलत नाही. आता भाजी मी आणतो आणि रोज बोलणी खातो.

कच्चा कागद घेऊन मी तालमीत गेलो. वस्ताद होते, चार जुने पैलवान होते, उमेदवार होता. तालमीतला रिवाज असा की जो लाल मातीत आधी उतरला, त्याचा शब्द आधी. मी तर जन्मात लंगोट लावलेला नाही.

वस्तादांनी बाजारपेठेच्या तोंडाला स्वागत कमान सांगितली. ती एक नंबरला गेली. दुसऱ्यांना बागेत पैलवानाचा पुतळा हवा होता, तिसऱ्यांना रंगीत कारंजं. आधीचं कारंजं बंद पडून त्यात डास झालेत, हे मी सांगून बघितलं. चौथ्यांचं घर बाजारपेठेच्या मागच्या अंगाला, म्हणून त्यांना तिकडूनही एक कमान पाहिजे होती. मग गाड्या लावायला जागा, मग दगडी बाकं, मग आणखी काय काय. मी खोडतोय आणि आकडे बदलतोय. माझा मुद्दा अकरावर गेला आणि पानावर दहाच मावत होते.

"पावणं, तुमचं ऱ्हाऊ दे आता. निवडून आल्यावर बघू की," वस्ताद म्हणाले.

"अहो, बायकांची गैरसोय होते," मी म्हणालो.

"इतकी वर्सं चाललंयच की त्यांचं."

उमेदवार चहाच्या कपात बघत बसला होता. माझं डोकं इतकं तापलं की मी कागदाचा बोळा खिशात कोंबला आणि उठलो. घरी येऊन सगळा राग भांड्यांवर काढला. दोन दोन कमानी लागतात यांना.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग पायात चपला सरकवल्या आणि थेट तालमीकडे निघाली. मी मागून. तिथं बायका आत जात नाहीत, म्हणून ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. वस्ताद वयानं मोठे, तेव्हा आधी डोक्यावर पदर घेतला.

"दादा, मी या गल्लीची लेक हाय का न्हाय?"

"हाईस की."

"मग ऐका. दोन वर्सं झाली, मला बागंत येता येत न्हाय, मंडईत जाता येत न्हाय. मला सारखी लघवीला लागती आणि जायाला जागा न्हाय. एकदा हितंच, तुमच्या दारासमोर, लुगडं भिजलं. मान खाली घालून घर गाठलं. कमानीखालनं कुणाला मिरवायचं त्यांनी मिरवावं, पर आधी माझं लिवा."

मग वस्ताद माझ्याकडे वळले. "पावणं, एक नंबरला घाला. ती मागची कमान काढा." ती कमान मागणाऱ्या पैलवानांनीही मान डोलावली. लेकीच्या शब्दापुढे मातीतलं वय चालत नाही, हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी बोळा उलगडून मांडीवर सरळ केला आणि तिथंच लिहिलं.

परत येताना मी खुशीत होतो. "मी तासभर डोकं फोडलं," म्हणालो, "आणि तू दोन मिनिटांत काम केलंस."

"तुमी काय म्हणाला होतासा त्यास्नी?"

"बायकांची गैरसोय होते, असं म्हणालो."

"कुठल्या बायकांची?"

ती चालता चालता थांबली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"माझ्या बायकूची, एवढं म्हणाला असतासा, तर मला चारचौघांत जाऊन सांगायला लागलं नसतं."

मग ती भराभर चालायला लागली, कारण अर्धा तास होत आला होता.