कबरीपाशी वाचणारी

माझ्या मोठ्या जाऊबाई पिशवी घेऊन रस्त्याने निघाल्या की खिडकीतली आजारी माणसं ओरडायची, "काकू, पुढच्या घरी जा हो, आमचं अजून दुखतंय!" जाऊबाईही काही कमी नव्हत्या. "सावकाश होऊ दे, मला घाई नाही," असं म्हणून त्या पुढे व्हायच्या.

त्यांची नोकरी दवाखान्याच्या धुलाईघरात, चादरींना इस्त्री करायची. पण आमच्या चर्चमधलं कुणी वारलं की आधी त्यांना बोलावणं जायचं. बाई असो की बाप्या, शेवटची अंघोळ घालून कपडे चढवायचं काम त्यांचं. मी सोबत असायचे टॉवेल धरायला, आणि अर्थातच तोंड चालवायला. पाणी कोमट आहे ना, हे त्या मनगटावर घेऊन पाहायच्या. "मेलेल्याला काय कळतंय?" मी एकदा म्हणाले. "मला कळतं ना," एवढंच उत्तर. बाही चढेना की त्या पुटपुटायच्या, "हात सैल सोड, बाबा, झालंच आता." भांग कोणत्या बाजूला पाडायचा हे घरच्यांना विचारल्याशिवाय कंगवा हातात घ्यायच्या नाहीत.

या कामाबरोबर आमच्यात एक मानही येतो. ईस्टरच्या पहाटे आम्ही सगळे दफनभूमीत जमतो. तिथे शास्त्रपाठ वाचतात तो प्रभूच्या कबरीकडे निघालेल्या बायकांचा. घाईघाईत पुरलेल्या देहाची राहिलेली सेवा करायला त्या सुगंधी द्रव्यं घेऊन जातात, आणि बघतात तर कबर रिकामी. तो पाठ मृतांना अंघोळ घालणारीनेच वाचायचा, कारण त्या बायकाही त्याच कामाला निघाल्या होत्या. आधी सासूबाई वाचायच्या. काम जाऊबाईंकडे आलं तेव्हा वाचनही आलं. त्या असं खणखणीत वाचायच्या की झाडावरचे कावळे उडायचे.

त्यांचा एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर होता. हिवाळ्यात कंपनीचा फोन आला. वादळात डेकवरून वाहून गेला, पुष्कळ शोधला, सापडला नाही. जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि मोठं पातेलं भरून पाणी तापत ठेवलं. टॉवेल काढले. साबणाची नवी वडी काढली. पलंगावर प्लास्टिक अंथरलं. मी दारात उभी. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळं घर म्हणतं, पण अंघोळ कुणाला घालायची हे विचारायला ती जीभ त्या दिवशी उचलेना. पाणी उकळून उकळून आटायला लागलं तेव्हा मी गॅस बंद केला.

"बंद कशाला केलास?" त्या म्हणाल्या. "गार होईल ना."

त्या रडल्या नाहीत. फोटो ठेवून प्रार्थना झाली, तेव्हाही नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या. लोक म्हणाले, केवढी ही श्रद्धा! मला असा संताप यायचा! श्रद्धा कसली, बधिर झाल्या होत्या त्या. दाढ काढायच्या आधी सुई टोचल्यावर गाल जसा होतो, तशा सगळ्याच्या सगळ्या. जेवायला वाढलं तर जेवायच्या, नाही वाढलं तर तशाच बसून राहायच्या.

ईस्टर जवळ आला तसे पाळक घरी आले. आमचे पाळक वयाने कोवळे, चहात बिस्कीट बुडवून विसरून जाणारे.

"काकू, यंदा दुसऱ्या कुणी वाचलं तरी चालेल," ते म्हणाले.

"का? अंघोळ दुसरं कुणी घालतंय का?" जाऊबाई म्हणाल्या. मग शांतपणे, चादरीची घडी सरळ करावी तसं बोलल्या, "कबर रिकामी म्हणून तुम्ही गाणी म्हणता. मीही इतकी वर्षं आनंदाने वाचलं. मूर्ख मी! त्या बायकांमधली ती एक काम करायला आली होती, आणि देहच नाही. यात आनंद कसला? देह सापडत नाही म्हणजे काय असतं ते मला विचारा."

आता हे पढवलेलं काहीतरी बोलणार, म्हणून मी सरसावून बसले. पण पाळकांनी बिस्कीट बुडालेला कप बाजूला ठेवला.

"तिलाही आनंद झाला नव्हता," ते म्हणाले. "रिकामी कबर बघून शिष्य आपापल्या घरी गेले. ती तिथेच रडत उभी राहिली. मेलेल्यांतून उठलेला प्रभू पहिल्यांदा आला तो तिच्यापाशी. तिने तर ओळखलंही नाही त्याला. बागेचा माळी समजली."

"मग?"

"मग त्याने तिला नावाने हाक मारली."

जाऊबाईंनी मान हलवली. "मला रडू येत नाही," त्या म्हणाल्या. "उभी राहीन."

त्या पहाटे गवत ओलं होतं. उजाडत होतं, थंडी अजून गेली नव्हती. जाऊबाई पुढे झाल्या आणि वाचू लागल्या. धुलाईघरात कपडे मोजून घ्यावेत, तसा सपाट आवाज. माझ्या प्रभूला कुठे नेऊन ठेवलंय तेच कळत नाही, असं ती बाई म्हणते तिथे आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्या मात्र थांबल्या नाहीत. शेवटाला आल्या, पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "प्रभू उठला आहे."

"खरोखर उठला आहे!" आम्ही म्हणालो.

यानंतर वाचणारीने मागे येऊन आपल्या जागी उभं राहायचं असतं. जाऊबाई हलल्या नाहीत.

"आणि माझा?" त्यांनी विचारलं.

पाळकांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, त्यांचा काही उपयोग नव्हता. मला भयंकर राग आला; कुणाचा ते अजूनही सांगता येणार नाही. मी माणसांना कोपराने बाजूला सारत त्यांच्याजवळ गेले.

"तोही उठेल, जाऊबाई," मी म्हणाले. माझा विश्वास होता का? खरं सांगायचं तर त्या घडीला मला माहीत नव्हतं. पण त्यांना एकटीला उभं ठेवणं मला बघवेना.

"मोठ्याने म्हण," त्या म्हणाल्या. "लांब आहे तो."

मी घसा फाटेस्तोवर ओरडले. मग पाळक ओरडले. मग मागची म्हातारी माणसं, मग झाडून सगळे, "तोही उठेल! तोही उठेल!" जाऊबाई कोरड्या डोळ्यांनी ऐकत होत्या. आम्ही दमून थांबलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"अजून एकदा," त्या म्हणाल्या.