पाय न टेकता

थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं औषधाचं नव्हतं. धाकटी जाऊ सायकलवर उभी राहायची, ते तिला खुपायचं.

उभी म्हणजे कशी, तर सायकल जागच्या जागी थांबलेली, दोन्ही पाय पायडलवर, पुढचं चाक जरासं वाकडं, आणि बाई आपली मजेत गिऱ्हाइकाशी बोलतेय. घरचा धंदा अंड्यांचा. पुढच्या टोपलीत ट्रे, मागच्या कॅरिअरवर ट्रे. पाय टेकला की सायकल कलते, आणि कलली की खालच्या ट्रेतलं एखादं अंडं तडकतंच. म्हणून सासूबाईंनी उभ्या हयातीत कुणाच्या दारात पाय टेकला नाही. घंटी वाजवायची, तोल धरून थांबायचं, ट्रे गिऱ्हाइकानं उचलायचा. आता त्यांचे गुडघे गेले होते आणि त्यांची काळी दणकट सायकल शेडमध्ये नुसती उभी होती. "जी पाय न टेकता अंडी देईल तिची ही," असं त्यांनी थोरली लग्न होऊन आली तेव्हाच सांगून टाकलं होतं.

थोरलीनं काय करायचं ठेवलं होतं हो? पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची, चाकांत ठासून हवा भरायची, आणि ताप असला तरी फेरी चुकवायची नाही. पण दारोदार उतरायची. रोज तडकलेली अंडी घरी परत यायची आणि तीच सगळ्यांच्या ताटात पडायची. सासूबाई ताटाकडे बघून नुसतं "हं" म्हणायच्या. त्या "हं"पेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

मग धाकटी आली. काल आलेली पोरगी, आणि बघता बघता तोल धरायला लागली. अजून जरा डुलायची, चाक पुढंमागं करायची, पण पाय टेकत नव्हती. घरात खायला तडकं अंडं उरेना, आणि सासूबाई त्याचंही कौतुक करायच्या! थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सायकल गेली तर जाऊ दे एक वेळ, पण ती हिच्याकडे जावी?

शेवटी सासूबाई म्हणाल्या, "रविवारी शिंपीणबाईंची अंडी द्यायचीत, त्यांच्या दारात मी स्वतः बसून बघते. जमलं तर धाकटीनं सायकल न्यावी."

रविवारी उजाडायच्या आत थोरली शेडमध्ये गेली, धाकटीच्या सायकलपाशी उकिडवी बसली आणि पुढच्या चाकातली निम्मी हवा सोडून दिली. चाक बसलं की पोरगी डगमगेल, पाय टेकेल, दोन अंडी फुटतील. जास्त नकोत, दोनच पुरेत, असा तिनं हिशेब केला. मग हात धुऊन चहा ठेवला.

शिंपीणबाईंच्या दाराशी बाकावर सासूबाई बसल्या होत्या. धाकटीनं घंटी वाजवली आणि थांबली. मागं थोरली श्वास रोखून उभी. आता पडते, मग पडते. कसली पडते! रोज डुलणारी सायकल आज चिकटवल्यासारखी उभी राहिली. शिंपीणबाईंनी एक ट्रे उचलला, दुसरा उचलला, मागच्या वेळची अंडी बारीक होती म्हणून भांडून घेतलं, वर धाकटीच्या माहेरची चौकशीही केली. धाकटी जागची हलली नाही.

सासूबाई काठी टेकत उठल्या आणि त्यांनी पुढच्या चाकावर अंगठा दाबला. "हवा कमी केलीस?" त्या पुटपुटल्या. "मीही हेच करायचे. मऊ चाक जमीन धरून बसतं. कुणाला सांगितलं नव्हतं मी. म्हटलं, जिला हवं ती शोधेल. तुला कुणी सांगितलं?"

"मला कुठलं कळतंय, आई?" धाकटी म्हणाली. "पहाटे ताई माझ्या चाकाशी बसल्या होत्या, खिडकीतून दिसल्या मला. ताई, माझ्यासाठी केलंत होय?" आणि सायकल भिंतीला टेकवून तिनं भर रस्त्यात थोरलीच्या गळ्यात हात टाकले.

थोरलीची पंचाईत झाली. खरं सांगावं तर अब्रू जाते, गप्प बसावं तर घास ना गिळता येतो ना थुंकता.

"सायकल धाकटीची," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी थोरलीच्या पाठीवर हात ठेवला. "पण थोरले, मन तुझं मोठं. एवढी युक्ती सापडली, ती स्वतःसाठी न वापरता जावेला दिलीस. मला नसतं जमलं बाई."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला बरं म्हटलं ते हे पहिल्यांदा. हे ऐकायला तिचे कान आसुसले होते, आणि आता मान वर होईना.

"असू दे हो, आई," ती म्हणाली, आणि उरलेले ट्रे पोचवायला स्वतःच्या सायकलकडे वळली. तिची दोन्ही चाकं दगडासारखी टणक होती. पहाटे तिनंच पंप मारला होता.