हिंगणीच्या रस्त्यावरचा विठ्ठल

मित्रांनो, आज सकाळी जीव नुसता टांगणीला लागला होता. माझी लेक वैशाली मॅरेथॉनच्या तयारीसाठी आमच्या पिपरी मेघे गावाहून लांब पल्ल्याचं पळायला गेली होती. ऊन चढलं तरी तिचा पत्ता नाही, फोनही लागेना.

मला राहून राहून माझा जुना मित्र विठ्ठल आठवत होता. ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं मॅरेथॉनची तयारी करायचो. एकदा उन्हाळ्यात सेलूहून हिंगणीकडे पळायला निघालो. विठ्ठल सुरुवातीपासूनच सुसाट.

"अबे, आज शर्यत नाई! हळू पळ!" मी ओरडलो.

"तू येजो मागून आरामात," म्हणाला आणि दिसेनासा झाला.

हिंगणीच्या अलीकडे तो बाभळीखाली पडलेला सापडला. अंग भट्टीसारखं तापलेलं. मलाच विचारत होता, "तू कोन होय बे?" शेतातल्या बायांनी त्याच्यावर घागरी ओतल्या, मग बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. वाचला, पण पुन्हा कधी पळाला नाही.

आज शेवटी मी स्कूटर काढली, तेवढ्यात वैशाली फाटकात उभी. घामाने निथळत होती, पण हसत होती.

"बाबा, काऊन एवढे घाबरले? मी मुद्दाम हळू पळून राह्यली होती. बोलता येईल इतक्याच वेगानं. म्हणून तर उशीर झाला."

रागवायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "बरं केलं."

पुढच्या रविवारी ती याहून लांब जाणार आहे. तुमच्या घरचं कुणी असं पळायला गेलं, की तुम्ही घरी बसून काय करता हो?