ऐकू न आलेले पर्णवटवटे

अकोल्याचे कमलाकांत देव दिवाणी वकील. कोर्टात भरपूर बोलत, घरी मात्र गप्प. दसरा उलटला की रविवारी पहाटेच स्कूटर काढत आणि बार्शीटाकळीच्या पुढच्या एका तलावावर जाऊन बसत. हिमालयाकडून उतरणारे पर्णवटवटे तिथल्या बाभळींत थांबायचे. चिमणीहून लहान, पानांच्याच रंगाचा पक्षी. दिसत जवळजवळ नाहीच, तो मोजायचा कानांनी. शेंड्यातून बारीक 'च्विक्' आलं की कमलाकांत एक बोट दुमडत.

तलावाला लागून भगवंतराव गावंडे यांचं शेत होतं. डब्यात चहा घेऊन तेही बांधावर येऊन बसत. पाखरांचं त्यांना फारसं वेड नव्हतं. पण वकीलसाहेबांची मोजणी संपेपर्यंत ते खोकलासुद्धा दाबून धरत. वर्षानुवर्षं असं चाललं.

मग आवाज विरळ होत गेले. एका वर्षी तर एकही बोट दुमडलं नाही. कमलाकांत फार अस्वस्थ झाले. त्यांनी गावच्या वर्तमानपत्रात लेख लिहिला, की तलावालगतच्या कपाशीवर होणाऱ्या फवारणीनं पर्णवटवटे संपले. नाव कोणाचंच घेतलं नव्हतं, पण तलावालगत कपाशी एकाच माणसाची होती.

त्यानंतर भगवंतराव बांधावर आले नाहीत. माणूस चिडला, असं कमलाकांतांनी धरलं. रविवारी तलावावर जात राहिले, पण आपणहून शेतात पाऊल टाकलं नाही. गेल्या उन्हाळ्यात भगवंतराव वारल्याचं कळलं, तेव्हा तेरवीलाही गेले नाहीत. कोणत्या तोंडानं जायचं, एवढंच पत्नीला म्हणाले.

यंदा कमलाकांतांचा पाय मुरगळला होता म्हणून पत्नी, सिंधूताई, पहिल्यांदाच त्यांच्यासोबत तलावावर आल्या. बाभळीखाली सतरंजी टाकून बसल्यावर थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणत होता इथे आता काहीच नाही. केवढी पाखरं बोलतायत की."

कमलाकांतांनी कान दिला. लांबच्या रस्त्यावरचा ट्रक ऐकू आला, पाण्यावरची टिटवी ऐकू आली. बस.

सिंधूताईंनी एका फांदीकडे बोट दाखवलं. कमलाकांतांनी दुर्बीण लावली. बऱ्याच वेळानं एक पान हललं, आणि ते पान नव्हतं. पर्णवटवट्याची चोच उघडत होती, मिटत होती. आवाज नव्हता.

दुर्बीण खाली ठेवून ते लंगडत शेतात गेले. भगवंतरावांचा मुलगा नितेश पंपापाशी होता. कमलाकांतांनी त्याला सगळं सांगितलं. पाखरं कुठेच गेली नव्हती, माझेच कान गेले होते, लेख खोटा होता. नितेशनं हात पुसले.

"बाबा तुमच्यावर रागावले नव्हते," तो म्हणाला. "त्यायले ते खरंच वाटलं. म्हणे, माह्या फवाऱ्यानं वकीलसाहेबाची पाखरं मेली, आता कसं जाऊन बसू त्यायच्याजवळ. ते पाहा, तलावाकडची पट्टी. तिथं फवारा मारा लागू नये म्हणून पडीकच टाकली होती. पाखरं आली की सांगाले जातो म्हणत."

"मग पाखरं आलेली त्यांना दिसली नाहीत का?"

"त्यायले कुठं ओळखू येत होती जी? ते तुमच्याच तोंडाकडे पाहत होते. तुमी बोट दुमडलं की पाखरू आलं, एवढंच ठाऊक. दुरून पाहत बसत तुमच्याकडे. तुमचं बोट काही हललं नाही."

कमलाकांत तिथेच बांधावर बसले. नितेशनं पाणी आणून दिलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयानं बारीक आवाज सगळ्यात आधी जातात. कानाला यंत्र बसलं. त्यानं मोटारींचे हॉर्न वाढले, तलावावरचे पर्णवटवटे काही ऐकू आले नाहीत. चुकीची दुरुस्ती त्यांनी वर्तमानपत्राला पाठवली. ती कधी छापून आली नाही. पुढच्या रविवारी सिंधूताईंनी चहा भरून घेतला, तलावावर चला म्हणाल्या. ते उठले नाहीत.

तलावाकडची पट्टी नितेशनं नांगरून घेतली आणि तिथे हरभरा पेरला.