प्रभुभोजनाचे मांडे

बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीनं चर्चमध्ये सगळे एकेक घास घेतात तेव्हा, पाव चालत नाही. पावात खमीर असतं, आणि आईचं म्हणणं, प्रभूच्या ताटात फुगलेलं काही नको. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी ती सकाळी चूल पेटवून उलट्या खापरावर मांडे भाजायची. साधे, पुरण न भरलेले. कणीक दोन्ही हातांवर खेळवत ती इतकी पातळ करायची की पलीकडची चूल दिसावी. बुऱ्हाणपुरात मांडे विकतही मिळतात, पण तसं सुचवणाऱ्याची धडगत नसे. माझा तापटपणा कुठून आला हे कुणाला विचारायला नको.

तिची एक रीत होती. ताट फिरायचं तेव्हा ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची आणि सगळ्यांच्या मागून घ्यायची. घेण्याआधी बाकांवरून नजर फिरवायची. कुणाचा हात रिकामा दिसला की बोट वर करून ताट फिरवणाऱ्या पाळकांना खुणावायची. घरीही तेच. सगळ्यांची जेवणं झाल्याशिवाय तिला घास जात नसे, आणि त्यावरून आम्ही तिची भरपूर थट्टा करायचो.

लहानपणी मी तिला विचारलं होतं, येशू राहतो कुठं? आभाळात, नाहीतर चर्चमध्ये, असं काहीतरी उत्तर मला हवं होतं. कणकेतले हात न थांबवता ती म्हणाली, "माणसाच्या आत राहते तो. एकदा राह्यला आला का मंग आपले हात त्याचेच होतात." पुढे मी शाळेत शिक्षिका झाले, लांबलचक प्रवचनं ऐकली, जाड पुस्तकं वाचली. सगळ्यांचा गाभा फिरून फिरून एवढाच निघाला.

आता आईची आठवण गेली आहे. आधी वस्तूंची नावं गेली, मग प्रार्थना, मग मी. मला ती 'बाई' म्हणते आणि पाहुणी समजून चहाचं विचारते. जी प्रार्थना तिनं गल्लीतल्या निम्म्या पोरांकडून पाठ करून घेतली, तीच तिला दोन शब्दांपुढे येत नाही. मांडे तर कधीच सुटले.

अशात मंडळीला नवे पाळक आले. वयानं तरुण, मनानं सरळ, नियमाला पक्के. एकदा घरी येऊन म्हणाले, "मॅडम, नाराज होऊ नका. भोजनाच्या आधी माणसानं स्वतःला तपासायला पाहिजे. आईंना आता काही समजतच नाही, तर मी कसं देऊ?"

"मग आधी स्वतःला तपासा, तुम्हाला तरी कितीसं समजतं ते," मी म्हणाले. ते बिचारे लाल झाले. चहा झाला, वाद झाला, आणि शेवटी एवढं ठरलं: येत्या रविवारी ते आईसमोर ताट धरतील. तिनं स्वतःहून हात पुढे केला तर ठीक. नाहीतर त्यानंतर तिच्यापुढे ताट न्यायचं नाही.

होकार दिला खरा, पण माझी भीती वेगळीच होती. ती मला विसरली हे मी सोसलं होतं. पण ज्याच्या जिवावर ती जगली, तोही तिच्यातून निघून गेला असेल तर? आठवणीपुरताच राहत असेल, तर तो भाडेकरूच म्हणायचा. मग आईनं मला चुलीपाशी सांगितलं ते सगळंच खोटं.

त्या रविवारी मांडे मीच केले. पहिला चुलीत पडला, दुसऱ्याला भोक पडलं. आई खाटेवर बसून बघत होती आणि खुशाल हसत होती. जे धड निघाले ते शेजाऱ्यांच्या मळ्यातून आलेल्या केळीच्या पानात गुंडाळून आम्ही चर्चमध्ये गेलो.

शेवटच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. ताट एकेक बाक करत मागे येत होतं. आईची नजर इकडेतिकडे फिरत होती, पण ती हल्ली दिवसभरच फिरते. पाळक आमच्यापुढे थांबले आणि त्यांनी ताट खाली धरलं. आईनं ताटाकडे पाहिलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"आई, घ्या," ते हळूच म्हणाले. आईनं मानेनंच नाही म्हटलं. ते बराच वेळ थांबले, हे मी मान्य करते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. ते वळले.

आईनं मागून त्यांच्या पांढऱ्या झग्याची बाही धरली. ताटातला एक तुकडा उचलून तिनं माझ्या हातावर ठेवला. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की मांडे करणारी म्हणून आईच्याच रीतीनं मी मागे राहिले होते, आणि माझं घ्यायचं राहूनच गेलं होतं. माझा हात रिकामा होता. "पहिले तू खाय, बाई," ती म्हणाली. मी खाल्ला. कडेला करपलेला होता, पण तसा गोड घास मी जन्मात खाल्ला नाही.

आता ती घेईल असं मला वाटलं. तिनं दुसरा तुकडा उचलला, पण तोंडाकडे नेला नाही. ती पाळकांकडे बघत राहिली. वाढणाऱ्याचे हात ताटात गुंतलेले असतात, त्यानं घेतलं की नाही हे कुणी बघत नाही.

"तू बी उपाशीच का रे, बाबा?"

सगळी मंडळी वळून बघत होती. नावं गेली, प्रार्थना गेली, पोटची लेकही गेली, आणि जो आत राहायला आला होता तो जागचा हलला नव्हता. मालकच होता तो घराचा. मी भर चर्चमध्ये मोठ्यानं हसले, डोळ्यांतून पाणी गळत असताना. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

पाळकांनी ताट बाकावर टेकवलं आणि हात पुढे केला.

त्यांचं खाऊन होईपर्यंत आई थांबली. मग तिनं बाकांवरून एकदा सावकाश नजर फिरवली. एकही हात रिकामा नव्हता. तेव्हा तिनं ताटात उरलेला तुकडा उचलला आणि निवांत खाल्ला.