अक्कांची पांढरी खोळ

दुपारची जेवणं आटोपून मी वाचत बसले होते. बोरीहून पुतण्या एसटीनं परभणीला आला आणि चपला न काढता पायरीवरच उभा राहिला. "काकू, अक्का गेल्या," एवढंच म्हणाला. मी त्याला पाणी दिलं, दोन लुगडी पिशवीत भरली आणि त्याच्याबरोबर निघाले. त्याला आता काही आठवडे झाले. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांच्याविषयी लिहायचं तर मला एका गादीच्या खोळीविषयी लिहावं लागेल. कोणाला ते विचित्र वाटेल, पण माझा इलाज नाही.

बोरीच्या लिंगायत घरात मी सून म्हणून आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. माझे वडील परभणीच्या मदरशात, म्हणजे तेव्हाच्या सरकारी शाळेत, शिक्षक, त्यामुळे मला मराठी आणि उर्दू दोन्ही वाचता येई आणि माहेरून मी पुस्तकांची एक पेटी घेऊन आले होते. अक्का लहान वयात विधवा होऊन माहेरी परतलेल्या. घरच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत आणि जीभ चांगलीच तिखट होती. पहिल्याच दिवशी माझी पेटी उघडून त्या म्हणाल्या, "बापानं पोरगी दिली का कागदाचं दुकान?" मी रडवेली झाले, तर हसून म्हणाल्या, "रडू नको. मलाबी वाचून दाखव कवातरी. पण भाकर करपली न्हाई पायजे." पुढं कितीतरी दुपारी मी वाचत असे आणि त्या सरकी काढत ऐकत. मध्येच गोष्टीतल्या माणसाला शिव्या देत.

मला सातवा महिना लागला तेव्हा अशाच एका दुपारी त्यांनी मला थांबवलं आणि थोरल्या जाऊबाईंचं सांगितलं. मी त्यांना पाहिलं नव्हतं. पहिल्या बाळंतपणातच त्या गेल्या, एवढंच मला ठाऊक होतं. आमच्याकडे बाळंतिणीला घरातलं सगळ्यात टाकाऊ अंथरूण देत, कारण नंतर ते फेकूनच द्यायचं असे. त्याखालच्या गादीला खारवा, म्हणजे जाडंभरडं गडद तांबडं कापड. गाद्यांना सगळीकडे तेच घालत, कारण ते मळखाऊ. "ती निजली हाय म्हणून मी बसून राह्यले," अक्का म्हणाल्या. "तोंडावर ऊन यायलंय म्हणून खिडकी लोटली. मग वाकळ नीट करायला हात घातला, तर हात ओला... लालावर लाल काय दिसावं, सांग." एवढं बोलून त्यांनी पुन्हा सरकी काढायला घेतली. मला पुढचं पान दिसेना.

पुढच्या बाजाराला गाडी जुंपून त्या मला जिंतूरला घेऊन गेल्या. सासूबाई दारात उभ्या राहून बोलत राहिल्या आणि अक्का गाडीवानाला बजावत राहिल्या, "खड्डा आला तर बैलाला न्हाई, तुला सांगते." कापडाच्या दुकानात एक म्हातारे चाचा बसत. त्यांनी सवयीनं खारव्याचा तागा पुढं टाकला. "ये लेव अक्का, इसमें मैल दिखताच नै."

"म्हणूनच नगं. मळ खाणारं न्हाई, मळ सांगणारं द्या."

चाचा हसले. "चुगली करने वाला कपडा होना क्या तुमको?"

"व्हय. लय चुगलखोर द्या."

मग पांढऱ्या मांजरपाटाचे तागे निघाले. अक्कांनी एकेक उजेडात धरला, वीण दाट आहे का पाहिली, कोपरा ओला करून बोटांनी चोळला. खळ निघून आतलं विरळ कापड उघडं पडलं की तो तागा बाजूला. शेवटी एक पसंत पडला. पण एवढं पारखून घरी आल्यावर त्यांनी कापड न धुताच खोळ शिवली आणि पहिल्याच धुण्यात ती आटली. पिंजारी गादी भरायला आला, तो लोटपोट हसला. "अक्का, ही गादी हाय का करंजी?" अक्कांनी त्याला गुळाचा खडा दिला, सगळी शिवण उसवली आणि कडेनं नवी पट्टी जोडली.

खरं भांडण घरात झालं. सासूबाईंनी पांढरी गादी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "बाळंतिणीच्या बाजेवर मढ्याचं कापड? अगं, अक्कल हाय का तुला?"

"आपल्यात मढं बसवून पुरत्यात, माय. त्याला गादी कुठं लागती?"

"जीभ लय चालायलीय तुझी."

"आन् आपल्यात सुतक न्हाई म्हणतीस, गळ्यात लिंग घालतीस. मग बाळंतिणीलाच कामून फाटकं?"

सासूबाईंना ते पटलं नव्हतं. एक सून त्यांनी गमावली होती, दुसरीसाठी अपशकुन कसा पत्करायचा... माझ्या कळा सुरू झाल्या तेव्हा त्यांनी हळूच पांढऱ्या खोळीवर लाल वाकळ अंथरली. अक्कांनी ती काढून घेतली. सकाळी मुलगी झाली, सुईण न्हाऊ घालून घरी गेली. ते दिवस पोलीस ॲक्शनच्या आधीचे, वाटा भरवशाच्या नव्हत्या. जिंतूरला डॉक्टर असून नसल्यासारखा. मला छान झोप येत होती. इतकी गाढ, गोड झोप मला पुन्हा कधी आली नाही. पायथ्याशी बसलेल्या अक्का एकदम ओरडल्या, "माय, सुईणीला आण! पळ!" आणि सासूबाई, ज्या एरवी उंबऱ्याबाहेर डोक्यावर पदर घेतल्याशिवाय जात नसत, त्या उघड्या डोक्यानं गल्लीतून पळाल्या. सुईणीनं येऊन माझं पोट जोरानं चोळलं, दाबलं, मुलीला छातीशी लावलं. सासूबाई दिवा धरावा तशी नजर त्या खोळीवर धरून उभ्या होत्या. डाग वाढायचा थांबला, हे त्यांनीच आधी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती खोळ धुवायला सासूबाईंनी कोणालाच दिली नाही. आधी थंड पाण्यात, कारण गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का बसतो, मग राखेच्या निवळीत उकळून कडक उन्हात. अक्का बाजूला बसून सूचना करत होत्या आणि आईच्या शिव्या खात होत्या. त्यानंतर गल्लीतल्या बायका खोळ मागायला येऊ लागल्या. एक विरली की अक्का दुसरी शिवत, आता कापड आधी भिजवून. पुढं त्या स्वतः अंथरुणाला खिळल्या तेव्हाही त्यांनी पांढरीच मागून घेतली.

त्यांना पुरून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी अंगणात बसले होते. पुतण्याच्या बायकोनं त्यांची खोळ धुऊन दोरीवर टाकली होती. शेजारची एक बाई आली. तिच्या लेकीचे दिवस भरले होते. दोरीकडे बोट करून म्हणाली, "काकू, ती नेऊ का?"

मी एवढी शिकलेली, पण मलाच कसंसं झालं. म्हटलं, "अगं, त्यावर अक्का गेल्या. मी नवी शिवून देते."

"नवी कशाला? त्यांचीच पायजे," ती म्हणाली आणि पुढं होऊन कापड चाचपू लागली. "एवढा काठ ओला हाय जरा."

मी उठले. आम्ही दोघींनी खोळ उलटवली आणि ओला काठ उन्हाकडे केला.