माहीत नाही, असं म्हणायची लाज

मी गाव सोडलं त्या सकाळी कळंबच्या स्टँडवर बाबांनी पिशव्यांसोबत एक उपदेशही खिडकीतून आत दिला. "पोरी, तिकडं कोनं काई इचारलं त माईत नाई म्हनू नोको. लोकं येडं समजतेत." एसटी हलली तरी शेजारून चालत ते तेच सांगत होते. तिकडं म्हणजे इंग्लंडला. नवऱ्याची नोकरी तिथं होती.

हा नियम अख्ख्या गावाचाच. वाटसरूनं रस्ता विचारला, तर माहीत नसलेलाही हात करून दाखवायचा. कपाशीवर काय मारावं, हे विचारायला लोक बाबांकडे येत आणि उत्तराशिवाय कुणी परत जात नसे.

लेस्टरला मला औषधांच्या दुकानात काउंटरवर काम मिळालं. मॅनेजरबाईनं पहिल्याच दिवशी बजावलं, अंदाजानं सांगायचं नाही. 'आय डोन्ट नो, आय विल फाइंड आउट' म्हणायचं. ते जिभेवर यायला मला महिने लागले. गिऱ्हाइकं मात्र सर्रास म्हणत. नो आयडिया. हॅवन्ट अ क्लू. सर्च मी. एका निवृत्त जज्जसाहेबांना त्यांच्याच गोळीचं नाव विचारलं की हसत म्हणत, 'हॅवन्ट द फॉगिएस्ट', म्हणजे धूसरसुद्धा कल्पना नाही. मी हे फोनवर सांगितलं, तर बाबा म्हणाले, "असा कसा जज्ज? आपल्याकडं त सरपंचबी नाई होनार."

मग बोंडअळीचं ते वर्ष आलं. कपाशी माणसाच्या डोक्यापेक्षा उंच गेली होती आणि माझा धाकटा भाऊ सुधाकर रोज फवारत होता. आमच्याकडे दोन-तीन औषधं एकाच पंपात कालवतात. जो भेटेल तो एखादं नाव सुचवतो. सुधाकर शेतातच कोसळला. यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय फवारलं? मिश्रण त्यानंच केलेलं, आणि त्याची शुद्ध गेलेली. बाबांना माहीत नव्हतं. पण भावजय नंदा सांगते, ते क्षणभरही थांबले नाहीत. एक नाव ठणकावून सांगितलं. नंदाला राहवेना. ती शेतात परत गेली, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडलेले रिकामे डबे घेऊन आली. त्यांतल्या एकावरही ते नाव नव्हतं. डॉक्टरांनी इलाज बदलला. दुसऱ्या दिवशी सुधाकर गेला.

मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तेरवीनंतर बाबांनी अंगणात, सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, तू औषधाच्या दुकानात हायेस. म्या बरोबर सांगतलं असतं त वाचला असता का?"

निघण्यापूर्वी मी मॅनेजरबाईला हेच विचारलं होतं. ती म्हणाली होती, 'वुई विल नेव्हर नो.' अंगणातले सगळे माझ्याकडे बघत होते. 'नाही, तरीही वाचला नसता' म्हणणं सोपं होतं.

"माईत नाई, बाबा. कोनालेच माईत होनार नाई."

बाबा उठून आत गेले. त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्या फोनवर आले नाहीत.

तुमचं घर आता कुठलं, असं इकडचे आणि तिकडचेही विचारतात. ओढबिढ मला कळत नाही. सुट्टी मिळाली की मी बाबांच्या ओट्यावर जाऊन बसते, एवढं खरं. मागच्या खेपेला शेजारचे नामदेवकाका आले. कपाशीवर काय मारू, म्हणाले.

"मले माईत नाई," बाबा म्हणाले. "डबा घिऊन ये. बाई वाचून सांगंन."

काका जाताना माझ्याजवळ वाकले. "बुढा येडा झाला व, बाई."

"डबा आना, काका," मी म्हटलं.